पुलावरून बघणारे घाटावर कसे उतरतील?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते. आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी घाटावर गेले, तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. निर्माल्याच्या पिशव्या, फुटक्या तसबिरी, दहाव्याचं सामान, दारूच्या बाटल्या. घरून रिकामं पोतं आणलं आणि उचलायला लागले. तेव्हापासून रविवारची सकाळ तिथेच जाते. लोक पुलावर गाडी थांबवून बघतात, कोणी फोटो काढतं, ‘ताई, फार चांगलं काम करता’ म्हणतात आणि निघून जातात. शेजारच्या वहिनी शनिवारी रात्री निर्माल्याची पिशवी माझ्याकडे देतात, ‘तुम्ही जाताच आहात तर एवढं बघा.’ कॉलेजची दोन मुलं काही दिवस आली, मग यायची बंद झाली. मध्यंतरी पुलावरून पिशवी टाकणाऱ्या एका गृहस्थांना मी बोलले, तर चारचौघांत भांडण झालं. सासूबाई विचारतात, गावाची घाण काढायला तुला ठेवलंय का? आणि ओळखीचे एक जण म्हणाले, ‘सगळ्या गावाचं गटार नदीत येतंय, तुम्ही चार पिशव्या उचलून काय होणार?’ ते डोक्यातून जात नाही. मी थांबावं का? थांबायचं नसेल तर लोकांना बरोबर कसं घ्यावं? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर :

ताई,

थांबू नका. पण आत्ता जसं चाललंय तसंही चालू ठेवू नका, कारण त्यानं तुम्ही थकाल आणि घाट पुन्हा होता तसा होईल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शेजारच्या वहिनींची पिशवी. वहिनी वाईट नाहीत. त्यांना तुमच्याबद्दल आदरच असणार. पण गावानं नदी तुमच्या नावावर करून टाकली आहे. पुलावर थांबणारे, फोटो काढणारे, कौतुक करणारे, सगळ्यांच्या मनात एकच हिशेब आहे की नदीचं काम आता ताई बघतात. लोक येत नाहीत ते आळसानं किंवा नदीवर माया नाही म्हणून, असं मला वाटत नाही. जे काम दुसऱ्याचं आहे असं एकदा डोक्यात बसलं, त्यात हात घालायला माणूस संकोचतो. आपण मध्ये गेलो तर ताईंना आवडेल का, काय करायचं ते कोणाला विचारायचं, किती वेळ थांबावं लागेल, एवढ्या प्रश्नांवर तो पुलावरूनच परत फिरतो. म्हणून इथून पुढे तुमची मेहनत कचरा उचलण्यापेक्षा हे काम गावाच्या हाती सोपवण्यात जास्त खर्च व्हायला हवी. सुरुवात वहिनींपासूनच करा. पुढच्या शनिवारी पिशवी आली की घेऊ नका. ‘उद्या सातला निघू, तुम्हीच बरोबर आणा, घाटावर फुलं वेगळी करायला मला दुसरा हात लागतोच,’ असं म्हणा. त्या आल्या तर उत्तम. नाही आल्या तरी निदान पिशवी आपली आहे एवढं त्यांच्या लक्षात राहील.

आपल्याकडे हे सगळ्यात चांगलं कोणाला जमलं असेल तर गाडगेबाबांना. हातात खराटा घेऊन ते गावात शिरायचे आणि कोणाशी फार न बोलता रस्ता झाडायला लागायचे. संध्याकाळी कीर्तन. त्या कीर्तनात उपदेशाचा सूर कमी आणि प्रश्न जास्त. बाबा विचारायचे, समोरचे शेतकरी, मजूर, बाया उत्तरं द्यायच्या, आणि उत्तर देता देता आपलं चुकतंय कुठे ते त्यांच्याच तोंडून निघायचं. पुढे ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट उभा राहिला, पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्या लोकांच्या हातांनी आणि लोकांच्या पैशानं. बाबांनी स्वतः कुठेच ठाण मांडलं नाही. झाडून झालं की पुढच्या गावाला निघायचे, त्यामुळे मागे राहिलेलं काम आपोआप त्या गावाचं व्हायचं. तुम्हाला गाव सोडून जायचं नाही, तेव्हा हे तुम्हाला थोडं अवघड जाईल. पण खराटा आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम घेण्यासारखा आहे. पहिला भाग तुमचा झालेला आहे.

अलीकडचं उदाहरण मुंबईचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह या तरुण वकिलांनी वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला. बरोबर एकटे शेजारी, तेही ८४ वर्षांचे. सुरुवातीचे कित्येक आठवडे तिसरं कोणी आलं नाही. तिथला कचरा काही ठिकाणी कंबरेइतका होता असं सांगतात, म्हणजे दोघांनी उचलून फरक दिसण्याची शक्यताच नव्हती. तरी ते ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी जात राहिले. मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते पुढचं. शाह किनाऱ्यावर लोकांची वाट बघत बसले नाहीत. ते वस्तीत, कोळीवाड्यात, इमारतींमध्ये दारोदार गेले. तिथली सार्वजनिक शौचालयं त्यांनी आणि सोबत्यांनी स्वतः घासली. ‘आमचा किनारा साफ करायला या’ असं सांगण्याआधी लोकांच्या रोजच्या अडचणीला त्यांनी हात घातला. हळूहळू शाळेची मुलं, कोळी बांधव, नोकरदार, नट-नट्या असे सगळे येऊ लागले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा मोठा सन्मान त्यांना मिळाला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. पुढे शाह मिठी नदीकडे वळले आणि तिथेही वरच्या अंगाच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन, कचरा नदीत जाण्याआधी तो घरातच कसा वेगळा करायचा, यावर भर दिला.

याच मोहिमेतला एक प्रसंग सहसा सांगितला जात नाही, पण तुम्हाला तो माहीत असावा. नोव्हेंबर २०१७ मध्ये शाह यांनी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. गोळा केलेला कचरा किनाऱ्यावरून उचललाच जात नव्हता आणि सोबत्यांना शिवीगाळ झाली होती. नंतर वरच्या पातळीवरून आश्वासन मिळालं आणि काम पुन्हा सुरू झालं. तेव्हा तुम्हाला कधी सोडून द्यावंसं वाटलं तर ते तुमच्या निष्ठेत काही कमी आहे म्हणून नाही. आणि दुसरी गोष्ट, भरलेली पोती पुढे कुठे जातात याची व्यवस्था नसेल तर जगाचा सन्मान मिळालेली मोहीमसुद्धा अडते.

तुमची पोती कुठे जातात ते पत्रात लिहिलेलं नाही. घाटाच्या कडेला रचून ठेवत असाल, तर कुत्री आणि गुरं ती दोन दिवसांत फाडतात आणि कष्ट वाया जातात. रविवारी घंटागाडी नसते. म्हणून नगरपालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन मुकादमांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, वेळ ठरवायला जा. रविवारी साडेनऊला गाडी घाटावर येऊ शकेल का, एवढाच प्रश्न. तोंडी हो मिळालं की मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक साधं पत्र द्या आणि पोच घ्या. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियानात नगरपालिकांना अशा कामांचे गुण मिळतात. ते त्यांनाही हवे असतात, तेव्हा तुमच्या पत्राकडे कटकट म्हणून बघितलं जाईल असं मानू नका. आणि गाडीवर येणाऱ्या सफाई कामगारांना नावानं ओळखा, चहाला आपल्यात बसवा. घाटावर काय, कधी, कोण टाकतं याची त्यांच्याइतकी माहिती गावात कोणाला नाही.

आता त्या दोन मुलांबद्दल. मला वाटतं, ती आली तेव्हा तुम्ही नेहमीसारख्या पोतं ओढत होता. मुलं थोडा वेळ बाजूला उभी राहिली असतील, मग दिसेल ते उचललं असेल, आणि कधी निघायचं ते न कळल्यामुळे अवघडून निघाली असतील. आलेल्या माणसाला पाच मिनिटांत हातात काहीतरी द्यावं लागतं, ‘हे तुझं’ असं सांगून. दाताळं घेऊन पाण्याच्या कडेचं प्लॅस्टिक ओढणं एकाचं, फुलं वेगळी करणं दुसरीचं, तसबिरींच्या काचा जाड पोत्यात भरणं तिसऱ्याचं. सात ते नऊ म्हणजे नऊ. नऊला काम अर्धवट असलं तरी थांबायचं, हात धुवायचे, चहा घ्यायचा, पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं ते ठरवायचं आणि घरी जायचं. वेळेवर संपतं म्हणून लोक पुन्हा येतात. सतत ‘अजून थोडं, अजून थोडं’ करणाऱ्या माणसाबरोबर काम करायला कोणालाच आवडत नाही, मग ते काम कितीही चांगलं असो.

आणि सगळी नदी डोळ्यांसमोर ठेवू नका. पुण्यात २०१४ पासून काम करणाऱ्या जीवितनदी या संस्थेनं मुठेकाठी विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी ‘दत्तक घेऊ या नदीकिनारा’ म्हणून उपक्रम चालवला. नावात सांगितलंय तेच. नदीचा एक छोटा तुकडा परिसरातल्या लोकांनी आपला म्हणायचा, तिथे नियमानं जायचं, साफ करायचा, तिथली झाडं-पक्षी ओळखायचे, मुलांना घेऊन यायचं, आणि घरातून नदीत जाणारी रसायनं कमी करायची. शहरात हे जमतं, तर तुमच्या गावात जास्त सोपं आहे, कारण तुमच्याकडे घाटाच्या प्रत्येक भागाला आधीच कोणीतरी आहे. सकाळी पोहायला येणारी मंडळी एका ठरलेल्या जागी उतरतात. धुणं धुणाऱ्या बायकांचे दगड ठरलेले आहेत. दशक्रिया विधी करणारे गुरुजी एका कोपऱ्यात बसतात. महादेवाच्या देवळासमोर फुलवाली आहे. भोई समाजातली जुनी माणसं असतील, त्यांना डोह आणि उतार तोंडपाठ असतात. यांना नदीवर बोलवावं लागत नाही, ती रोज नदीवरच असतात. प्रत्येकाकडे जाऊन ‘तुमच्या पायऱ्यांपुरतं तुम्ही बघाल का?’ एवढंच विचारा. पोहणारे तर पहिल्याच दिवशी हो म्हणतील, काच त्यांच्याच पायात जाते.

कॉलेजमध्येही जा, पण मुलांना एकेकटं गाठू नका. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करायचं असतं. त्यांचे कार्यक्रम अधिकारी म्हणजे कॉलेजातलेच एखादे प्राध्यापक. त्यांना दर दोन आठवड्यांनी पंधरा मुलं आणि घाटाचा एक भाग असा प्रस्ताव द्या. मुलं सुरुवातीला तासांसाठी येतील. येऊ देत. त्यातली दोन-तीन पुढे स्वतःहून येत राहतील. ती दोन मुलं पुन्हा भेटली तर त्यांना हे पंधरा जण सांभाळायला सांगा. वाट्याला नुसतं उचलणं आलं की कंटाळा येतो, जबाबदारी आली की पाय निघत नाही.

वर्षाचं वेळापत्रकही नदीच्या चालीनं ठेवा. गणपती, गौरी, घट उठल्यानंतरची माती, सर्वपित्रीनंतरचं सामान, संक्रांतीची सुगडं, या दिवसांच्या पाठोपाठच्या रविवारी माणसं जास्त लागतात आणि जास्त मिळतातही. त्या दिवसांची मोठी हाक द्या. एरवी पाच-सात जण पुरे. दर रविवारी शंभर जण यावेत ही अपेक्षा ठेवली की दर रविवारी निराशा पदरी येते.

पुलावरच्या गृहस्थांशी झालेलं भांडण मनात ठेवू नका, पण त्यांची बाजू एकदा समजून घ्या. देवाला वाहिलेलं फूल भाजीच्या सालपटांबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकायला माणसाचा हात धजत नाही. पूर्वी केळीच्या पानात बांधून आणलेली चार फुलं वाहत्या पाण्यात सोडली तर नदीचं काही बिघडत नव्हतं. आता ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून येतात, हारात थर्माकोल आणि जरी असते, गाव दहापट झालंय आणि उन्हाळ्यात नदी वाहतच नाही. गृहस्थांची भावना तीच आहे, बाकी सगळं बदललंय. त्यांना टाकू नका म्हटलं की ते विचारणार, मग ठेवू कुठे? या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात असायला हवं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ‘विसर्जित गणपती दान करा’ म्हणत वर्षानुवर्षं घाटांवर उभं राहून हेच केलं. विरोध झाला, वाद झाले, पण मूर्ती आणि निर्माल्य हात जोडून स्वीकारलं जातंय हे दिसल्यावर लोक द्यायला लागले. कोल्हापूरला पंचगंगेऐवजी गूळ करायच्या मोठ्या काहिलींत गणपती विसर्जन करायची पद्धत रुळली. त्या मातीतल्या माणसाला काहील परकी वाटत नाही. तुमच्याकडे पुलाच्या दोन्ही टोकांना निर्माल्य कलश ठेवा, स्वच्छ, झाकणाचे, रोज रिकामे होणारे. भरून वाहणारा कलश असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण त्यानं लोकांचा विश्वास जातो. फुलांचं खत करायला शाळेची परसबाग किंवा देवळाची जागा मागा आणि तयार झालेलं खत पुड्या बांधून त्याच भाविकांना द्या. त्या गृहस्थांना पहिली पुडी द्यावी असं माझं मत आहे.

दहाव्याच्या सामानाचं मात्र जपून करा. दुःखातल्या घराला घाटावर कोणी शिकवू नये. गुरुजींशी आधी शांतपणे बोला. गाद्या, कपडे, भांडी पाण्यात टाकायची नाहीत हे त्यांनी विधीच्या आधी घरी सांगितलं, तर कोणी मोडणार नाही. वापरण्यासारखे कपडे गरजू माणसांपर्यंत पोचवायची सोय तुमच्यापैकी कोणी घेतली तर ते गेलेल्या माणसाच्या नावानं दानच होईल.

सासूबाईंचा प्रश्न मला जिव्हारी लागला, कारण तो त्यांचा एकटीचा नाही. गावाची घाण काढणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माथी मारलं गेलं, आणि बाकीच्यांनी त्या कामाला हात लावणं कमीपणाचं मानलं. पुलावरून बघणाऱ्यांतल्या कित्येकांना हीच अडचण असते, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. तुमच्या हातातलं पोतं ही अढी मोडतं, म्हणून मला तुमच्या कामाचं मोल फार वाटतं. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना लहानपणची नदी विचारा. पाणी कुठे भरायच्या, पोहायला कुठे शिकल्या, मासे कुठले मिळायचे. मग एखाद्या रविवारी नऊ वाजता चहाच्या वेळी घाटावर घेऊन या आणि तेच सगळं मुलांना सांगायला लावा. पन्नास वर्षांपूर्वीची नदी डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता प्रत्येक गावात मोजकी उरली आहेत.

दोन सूचना काळजीपोटी. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. पूर अचानक चढतो, आणि उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. जाड हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन हे येणाऱ्या प्रत्येकासाठी. लहान मुलांना काचा आणि सुया उचलू देऊ नका. आणि उत्साहाच्या भरात काठावरची झुडपं तोडू नका. वाळुंज, शेरणी, लव्हाळी, करंज, उंबर हा कचरा नाही. त्यांच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवलाय, मासे आणि पक्षी त्यांच्याच आडोशाला असतात. नदी स्वच्छ करायची म्हणून काठ सपाट करून फरशी घालायची मागणी कोणी आणली, तर तिला ठाम विरोध करा.

आता तुमच्या डोक्यातून न जाणारा प्रश्न, गटाराचा. ओळखीचे जे बोलले ते खरं आहे. नदीचं मोठं दुखणं प्लॅस्टिक नाही, न शुद्ध केलेलं सांडपाणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे मोजले होते, आणि त्यातले ५५, म्हणजे सगळ्यात जास्त, आपल्या महाराष्ट्रात होते. हे पट्टे ठरतात ते पाण्यातल्या बीओडीवरून, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्यावरून. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. तुम्ही सगळा घाट चकचकीत केला तरी हा आकडा हलणार नाही. जलपर्णीचंही तसंच. ती सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसते, अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. काढाल तेवढी पुन्हा येईल, जोवर वरून खाद्य मिळतंय.

पण ‘म्हणून चार पिशव्या उचलून काय होणार’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. याचं उत्तर पंजाबात आहे. सुलतानपूर लोधीजवळून वाहणाऱ्या काली बेईंत गुरू नानकांना साक्षात्कार झाला अशी श्रद्धा आहे. सुमारे १६० किलोमीटरची ती नदी सांडपाणी आणि जलपर्णीनं इतकी भरली होती की काही ठिकाणी ती नदी आहे हेच कळत नव्हतं. २००० साली बलबीर सिंग सीचेवाल हे संत स्वतः त्या पाण्यात उतरले आणि हातांनी जलपर्णी काढू लागले. शीख समाजात कारसेवेची, म्हणजे सगळ्यांनी मिळून श्रमदान करायची, परंपरा आहेच, तिचा त्यांनी आधार घेतला. गावागावांतून लोक ट्रॅक्टर, फावडी आणि लंगरचं जेवण घेऊन येऊ लागले. जलपर्णी निघाल्यावर सगळ्यांना एकच गोष्ट दिसली, आपल्याच गावाची गटारं आपल्याच पवित्र नदीत पडताहेत. मग सीचेवालांनी गावातलं सांडपाणी तळ्यांमध्ये नेऊन, गाळ बसवून, ते पाणी शेताला द्यायची साधी पद्धत उभी केली. ती पुढे त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. शहरांच्या सांडपाण्यासाठी सरकारच्या मागे लागावं लागलं, ते त्यांनी सोडलं नाही. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२२ पासून ते राज्यसभेत आहेत. बेईंचं दुखणं पूर्ण संपलं असं नाही, नंतरही सांडपाणी शिरून मासे मेल्याच्या घटना घडल्या. पण आता मासे मेले की लोक जाब विचारतात. हा जाब विचारणारा समाज त्या जलपर्णी काढणाऱ्या हातांतूनच तयार झाला.

तुमच्या चार पिशव्यांचा उपयोग हाच आहे. एकट्या बाईनं नगरपालिकेत जाऊन सांडपाण्याचं विचारलं तर तिला पुढच्या आठवड्यात या म्हणतील. दर रविवारी घाटावर राबणारे वीस जण, त्यात गुरुजी, प्राध्यापक, भोई, पोहणारे डॉक्टर असे सगळे, एकत्र गेले तर खुर्ची द्यावी लागते. म्हणून माणसं जमली की एक रविवार कचरा न उचलता काठाकाठानं चाला. गावाच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत नदीला मिळणारा प्रत्येक नाला कागदावर मांडा. कुठून येतो, कोणत्या वस्तीचा आहे, पाण्याला रंग-वास कसला, फेस आहे का. हे काम मुलं फार आवडीनं करतात. फोटो काढा, त्यात तारीख असू द्या. मग नगरपालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा. गावात रोज किती सांडपाणी तयार होतं, शुद्धीकरण केंद्र आहे का, असल्यास त्याची क्षमता किती, प्रत्यक्षात किती पाणी शुद्ध होतं, आणि नसल्यास त्याचा प्रस्ताव कुठे आहे. एवढंच विचारा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्जदार म्हणून तुमचं नाव घालू नका, प्राध्यापकांचं किंवा पोहणाऱ्यांपैकी कोणाचं तरी घाला. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर प्रथम अपील करता येतं, त्याचा मसुदा लागला तर मला लिहा.